भिंतीवरचे ठोके

शाळेत मुलं त्यांना वायरसर म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. विज्ञानाचा तास असला की सरांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात वायरींचं भेंडोळं आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्क्रू ड्रायव्हर असायचा. स्टाफरूममधली बाकीची मंडळी खडू आणि पुस्तक घेऊन वर्गात जात आणि तेवढ्या भांडवलावर निवृत्तीपर्यंत पोचत. वायरसरांना ते कधी जमलं नाही. आपण फळ्यावर काढलेलं हृदय बटाट्यासारखं दिसतं, हे ते स्वतःच वर्गाला सांगायचे.

त्या वर्षी नववीला रक्ताभिसरणाचा धडा आला तेव्हा त्यांनी हृदयाचे ठोके दाखवणारं एक लहानसं यंत्र जुळवलं. काडेपेटीएवढं सर्किट, तीन वायरी, वायरींच्या टोकाला अंगावर चिकटवायच्या गोल चकत्या. सर्किट शाळेच्या टॅबला जोडायचं आणि टॅब प्रोजेक्टरला. वर्गातला पडदा फाटलेला होता, म्हणून चित्र सरळ भिंतीवरच पाडायचं. घरी त्यांनी ते स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं होतं. बायको दारातून म्हणाली होती, "आता स्वतःलाच प्लगमध्ये घाला." पण हिरवी रेघ उसळायला लागल्यावर तीही दोन मिनिटं बघत उभी राहिली.

"कोण येतंय?" सरांनी वर्गात विचारलं.

सगळ्यांनी मिळून शिडीला पुढे ढकललं. शिडी म्हणजे वर्गातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत किडकिडीत मुलगा. त्याचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. बाप लिफ्ट आणि मुलगा शिडी, हा विनोद पाचवीपासून चालू होता आणि तो सगळ्यांत जास्त त्यानेच चालवला होता. अभ्यासात बेताचा, गृहपाठाच्या बाबतीत बेभरवशाचा, पण वर्गात तो नसला की तास अळणी व्हायचा.

तो खुर्चीत बसला आणि त्याने शर्टाची बटणं सोडली. सरांनी चकत्या चिकटवल्या.

"गार लागतंय, सर."

"लागू दे. विज्ञानासाठी थोडं सोसावं."

भिंतीवर हिरवी रेघ धावायला लागली. पहिले काही सुळके ठीक उमटले, पण घरी दिसले होते तसे नव्हते. प्रत्येक सुळक्यामागचा लहान उंचवटा फार लांबलेला, रेंगाळल्यासारखा होता. मग एकदम गिचमीड झाली. लहानमोठे सुळके एकमेकांत घुसले, रेघ पिळल्यासारखी वरखाली झाली आणि परत सरळ चालायला लागली. सरांनी चकत्या दाबून पाहिल्या, वायरी हलवल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"वायर सैल आहे," सर म्हणाले. वर्गात चुळबुळ सुरू झाली होती. तास हातातून निसटतोय असं वाटलं की सर एखादा विनोद टाकत. तसा त्यांनी टाकला. "काय रे शिडी, तुझं हृदय पण तुझ्या गृहपाठासारखंच दिसतंय. मधूनच गायब."

वर्ग खदखदून हसला. शिडीही हसला आणि मान मागे वळवून म्हणाला, "पण मी जिवंत आहे ना, सर?"

"हजेरीत तरी आहेस."

पुन्हा हशा. सरांनी चकत्या काढल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावून त्या तिच्या मनगटांना आणि घोट्याला चिकटवल्या. तिची रेघ पुस्तकातल्या चित्रासारखी आली. मुलांनी ठोके मोजले, टाळ्या वाजवल्या, घंटा झाली.

गैरहजर मुलांसाठी सर प्रत्येक तासाचं चित्रण टॅबवर ठेवत. भिंतीवर जे दिसे ते आवाजासकट त्यात यायचं. त्या दिवशी त्यांनी मुलीच्या रेघेचा भाग मुलांना पाठवला. शिडीचा भाग बिघडलेला म्हणून बाजूला ठेवून दिला. नव्या वायरी आणायच्या, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी शिडी उशिरा आला. उशिरा येणाऱ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायची शाळेची जुनी पद्धत होती. खेळाच्या मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या. आधीच्या शिक्षकांनी जसं चालवलं तसंच त्या चालवत होत्या. सातआठ मुलं धावत होती. शिडी लांब टांगा टाकत सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तो पडला. मुलांना वाटलं, नाटक करतोय. तो नेहमीच करायचा. मॅडम पोचल्या तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. त्यांनी छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, हातापाया पडून कुणाची तरी गाडी थांबवली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शाळेला खापर फोडायला डोकं हवं होतं आणि ते समोरच होतं. मॅडमना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. फाटकाबाहेर पालक जमले. वर्तमानपत्रात मॅडमचा फोटो आला आणि खाली 'शिक्षेचा बळी' असं छापलं. जे शिक्षक वर्षानुवर्षं मुलांना पळवत आले होते, तेच स्टाफरूममध्ये म्हणू लागले, "आजकालच्या पोरींना अनुभव नाही."

वायरसर त्यांच्यातच बसलेले असत. त्यांना वाईट वाटत होतं, पण सगळ्यांना वाटत होतं तेवढंच.

शोकसभा वर्गातच झाली. ती संपल्यावर मुलं बाहेर पडत होती तेव्हा शेवटच्या बाकावरच्या दोघांचं बोलणं सरांच्या कानावर पडलं. त्यात आरोप नव्हता. एक जण नुसताच दुसऱ्याला म्हणत होता, "आठवतं? सर म्हणाले होते, मधूनच गायब."

सर तिथेच थांबले. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी टॅब काढला आणि ते चित्रण शोधलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. वायर सैल असली की रेघ कशी फाटते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती थरथरते, तुटते, वर उडून तिथेच राहते. ही तशी नव्हती. ही पिळून परत जाग्यावर येत होती. आणि त्याच वायरींनी, त्याच चकत्यांनी, पाच मिनिटांनी त्या मुलीची रेघ स्वच्छ आली होती. त्या दिवशी हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी बघितलं आणि हसण्यावारी नेलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला दाखवलं. ती विमा कंपनीत दावे तपासायचं काम करायची. लोकांचं एखादं वाक्य पुढे कसं त्यांच्याच गळ्याशी येतं, हे ती रोज बघायची. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि टॅब उपडा ठेवला.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"हे यंत्र दवाखान्यातलं आहे का?"

"नाही. मीच जुळवलंय."

"मग पुसून टाका. पोर गेलं, ते काही परत यायचं नाही. तुम्ही बोललात तर तुम्हीही जाल."

"त्या खेळाच्या मॅडम घरी बसल्यात."

"त्यांनी पळवलं. तुम्ही नाही पळवलं."

त्यांनी पुसलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मूग गिळून ते शाळेत जात राहिले. पण शिडीची बहीण सातवीत होती आणि सातवीचं विज्ञानही त्यांच्याकडेच होतं. भाऊ गेल्यावर ती काही दिवसांनी परत आली. घरात तिला छोटी म्हणत, वर्गातही तेच नाव पडलं होतं. तीही उंच होत चालली होती. खिडकीशी बसायची आणि कुणाशी बोलायची नाही.

सर शिकवता शिकवता तिच्याकडे बघत आणि वाक्य अर्धंच राही. हृदयाचे असले दोष रक्ताच्या नात्यात असू शकतात हे त्यांनी वाचलं होतं. एकदा जिन्यात ती मैत्रिणीच्या मागे धावत वर गेली, आणि सर खाली कठडा धरून उभे राहिले. पावलांचा आवाज वर थांबला. मग तिचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, तेव्हा त्यांनी कठडा सोडला.

त्याच दुपारी अर्धी रजा टाकून ते हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लागायला संध्याकाळ झाली. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, दिवसभराच्या थकलेल्या. त्यांनी टॅब हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि चित्रण मध्येच थांबवलं.

"हे कशावर काढलंय?"

सरांनी सांगितलं.

"असल्या खेळण्यावर मी औषध देणार नाही. पण हे माझ्यासमोर आलं असतं तर त्या मुलाला त्याच दिवशी भरती करून घेतलं असतं. कुठाय तो?"

"गेला. मैदानावर पळताना."

बाईंनी टॅब खाली ठेवला. "भावंडं?"

"एक बहीण आहे."

"तिला तपासलंय?"

"नाही. घरच्यांना यातलं काहीच माहीत नाही."

"मग तुम्ही इथे काय करताय?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जा. आणि उद्या सकाळी तिला घेऊन यायला सांगा. तोपर्यंत पळायचं नाही, पोहायचं नाही."

बाहेर येऊन सरांनी बायकोला फोन केला. शिडीच्या घरी जातोय, असं सांगितलं. ती म्हणाली, "जाताय तर जा. निदान आवाज तरी बंद करून दाखवा."

सरांनाही ते सुचलं होतं. रस्ताभर ते त्याचाच विचार करत होते. आवाज बंद केला तर ती नुसती रेघ होती. एका शिक्षकाने नकळत टिपलेली रेघ. त्यात कुणी हसत नव्हतं.

शिडीच्या वडिलांचं, लिफ्टवाल्यांचं, घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दार त्यांनीच उघडलं. कामावरून नुकतेच आले असावेत, नखांत ग्रीस होतं. पुढच्या खोलीत एक पलंग, शिवणयंत्र आणि भिंतीशी टेबल. टेबलावर शिडीची पुस्तकं तशीच रचलेली होती. छोटी आत होती. आईने पाणी आणून ठेवलं आणि ती शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली.

सरांनी आधी डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. छोटीला उद्याच न्यायला हवं, हे दोनदा सांगितलं. मग हे आपल्याला कसं कळलं ते सांगायला सुरुवात केली आणि बॅगेतून टॅब काढला.

"दाखवा," लिफ्टवाले म्हणाले.

सरांनी टॅब पुढे केला. आवाजाचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं. त्यांनी अंगठा काढून घेतला.

गार लागतंय, सर. खोलीत शिडीचा आवाज आला, आणि आईचा हात तोंडावर गेला. रेघ धावली, पिळली. वायर सैल आहे. तुझं हृदय पण तुझ्या गृहपाठासारखंच. मग चाळीस मुलांचा हशा त्या छोट्या खोलीत भरला. पण मी जिवंत आहे ना, सर? हजेरीत तरी आहेस.

चित्रण संपलं. आतल्या दाराशी छोटी येऊन उभी होती.

"परत लावा," आई म्हणाली.

"पुरे," लिफ्टवाले म्हणाले.

"परत लावा, सर. हे त्याचं हृदय ना? हे हिरवं?"

सरांनी परत लावलं. या वेळी तिने हशाकडे लक्षच दिलं नाही. ती रेघेवरून बोट फिरवत होती, आणि स्पर्शाने चित्रण थांबलं की सर ते परत चालू करून देत होते.

"मागच्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडला होता," ती म्हणाली. "एकदा इथेच, जिन्यात. मी म्हटलं, उपाशी पळतोस म्हणून. आम्हीसुद्धा कुठे..."

"तू गप्प बस," लिफ्टवाल्यांनी तिला थांबवलं. मग सरांकडे वळून अगदी हळू विचारलं, "हे कधीचं?"

"गेल्या महिन्यातलं. तो जाण्याआधी तीन आठवडे."

"आणि तो गेल्यावर तुम्हाला कधी कळलं?"

"शोकसभेच्या दिवशी."

"म्हणजे इतके दिवस ही माझी मुलगी रोज शाळेत येत होती, जिने चढत होती, आणि तुम्हाला माहीत होतं."

सरांनी होकारार्थी मान हलवली.

लिफ्टवाल्यांनी खिशातून फोन काढला. "हे मला यात पाठवा. आणि मग जा."

दुसऱ्या दिवशी छोटीची तपासणी झाली. तिच्यातही तोच दोष निघाला. हृदयाला ठोका देणारी वीज सावरायला वेळ लावते, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईबापांना समजावलं. रोज गोळ्या, धावणं बंद, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि पुढेमागे छातीत एक लहान यंत्र बसवावं लागेल. आईबापांचीही तपासणी झाली. तो दोष आईकडून आला होता. तिने ते ऐकलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती शिवणयंत्रावर बसली नाही.

लिफ्टवाल्यांनी शाळेकडे तक्रार केली. सोबत चित्रण दिलं. मुख्याध्यापकांनी ते आपल्या खोलीत दार लावून पाहिलं आणि त्याच दिवशी वायरसरांना बोलावलं. सरांनी काहीही नाकारलं नाही. डॉक्टर नसताना मुलाच्या अंगाला वायरी का लावल्या, परवानगी कुणाची होती, दिसलं तर सांगितलं का नाही, कळल्यावर लपवलं का, या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी जे घडलं तेच उत्तर दिलं. त्यांची नोकरी गेली. शाळेतली सगळी यंत्रं कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. विज्ञानाच्या तासाला नवे शिक्षक पुस्तक घेऊन यायला लागले.

खेळाच्या मॅडमवरचा ठपका काढला, परत या म्हणून निरोप गेला. त्या आल्या नाहीत. सर एकदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं.

"सर, त्याच्या छातीवर माझे हात होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण त्याने मला काही फरक पडत नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सरांनी एका दुकानात संगणक दुरुस्तीचं काम धरलं. बायको एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. संध्याकाळी त्यांच्या ताटात वाढता वाढता ती इकडचं तिकडचं बोलायची आणि मध्येच थांबायची, एवढंच.

काही महिन्यांनी एका रविवारी सकाळी लिफ्टवाले त्यांच्या दारात आले. सरांनी आत या म्हटलं. ते आत आले, पण बसले नाहीत.

"छोटी बरी आहे," त्यांनी न विचारताच सांगितलं. "गोळ्या चालू आहेत."

"बरं वाटलं ऐकून."

"लोक म्हणतात, सरांमुळे मुलगी वाचली, आता मनातून काढून टाका. मला ते जमत नाही. ते सांगायला आलो नाही मी." त्यांनी फोन काढून हातात धरला. "तिची आई हे रोज ऐकते. स्वयंपाक करताना, झोपताना. त्याचा आवाज दुसरा कुठे नाही आमच्याकडे. फोटो आहेत, आवाज नाही. पण त्यात तुम्ही आहात. रोज माझ्या घरात तुम्ही बोलता आणि ती पोरं हसतात. मला ते ऐकवत नाही."

लिफ्टवाल्यांनी फोन सरांच्या हातात दिला.

"तुमचं बोलणं काढून टाका. हसणं काढा. फक्त तो राहू दे. तुम्हाला हे काम येतं. परक्या माणसाकडे न्यायचं म्हणजे त्याला सगळं ऐकवावं लागेल."

"करतो," सर म्हणाले. "बसा ना तोवर."

"मी खाली थांबतो."

सर संगणकाशी बसले. 'गार लागतंय, सर' सहज सुटं झालं. त्यामागचा खुर्चीचा करकर आवाज त्यांनी ठेवला. पण 'मी जिवंत आहे ना, सर' या वाक्यावर अख्ख्या वर्गाचा हशा पसरलेला होता, आणि शिडी तेव्हा स्वतःच हसत बोलत होता. हशा जरा खाली आणला की त्याचे शब्द पुसट होत. शब्द वर आणले की हशा परत येई. त्यांनी माहीत होते ते सगळे उपाय केले. बायकोने येऊन चहा ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि काही न बोलता बाहेर गेली.

दुपार होत आली तेव्हा ते खाली गेले. लिफ्टवाले कट्ट्यावर बसले होते.

"एक वाक्य नीट निघालं," सर म्हणाले. "दुसऱ्यात तो हसतोय आणि वर्गही हसतोय. वेगळं होत नाही. ठेवलं तर दोन्ही राहतं, काढलं तर दोन्ही जातं."

"दुसरं म्हणजे, जिवंत आहे ना, ते?"

"हो."

लिफ्टवाल्यांनी रस्त्याकडे बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी सामान चढवत होतं.

"काढा," ते म्हणाले. मग लगेच, "नको. राहू दे. तिला ते लागतं." आणि थोड्या वेळाने, "तुमचं तेवढं काढलंत ना?"

"माझं एकही वाक्य नाही त्यात."

लिफ्टवाल्यांनी फोन परत घेतला आणि कानाशी धरून ऐकलं. सगळं मिळून काही क्षणांचंच उरलं होतं. गार लागतंय, सर. खुर्ची करकरली. मग मधे काही नाही, आणि एकदम तो हसत विचारत होता, आणि सगळी पोरं हसत होती.

लिफ्टवाल्यांनी फोन खिशात ठेवला, सदऱ्याचं बटण लावलं आणि ते निघाले. सर काही वेळ कट्ट्याशी उभे राहिले, मग जिना चढून घरी आले. चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला आणि संगणक बंद केला.